दुसरा क्रमांक कोणाच्या लक्षात राहतो?

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांचा विषय निघाला की 'हरलेलेच पुढे मोठे होतात' असं कुणीतरी म्हणतंच, आणि लगेच अरिजित सिंगचं नाव येतं. पण २००५च्या 'फेम गुरुकुल'मधून अरिजित महाअंतिम फेरीआधीच बाहेर पडला होता. पुढे ऑस्कर मिळवणारी जेनिफर हडसन २००४च्या 'अमेरिकन आयडॉल'मध्ये सातवी होती. हे दोघे उपविजेते नव्हेत. उपविजेता शेवटच्या घोषणेपर्यंत मंचावर उभा असतो, म्हणून त्याची कथा निराळी आहे.

युरोव्हिजन या युरोपीय देशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेची पहिली फेरी १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत झाली. सात देशांची १४ गाणी होती, स्वित्झर्लंडची लिस असिया जिंकली. बाकीच्यांना किती गुण पडले ते कधीच प्रसिद्ध झालं नाही, त्यामुळे दुसरं कोण हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. १९५८मध्ये इटलीचा डोमेनिको मोदुन्यो तिसरा आला. त्याचं 'व्होलारे' म्हणून ओळखलं जाणारं गाणं मात्र जगभर गाजलं आणि पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात त्याला वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान मिळाला. क्रमांकापेक्षा गाणं जास्त टिकतं, याचा इतका जुना दाखला आहे.

दोघांनी शेजारी उभं राहायचं आणि एकाचंच नाव पुकारलं जायचं, हे दृश्य घरोघरी पोचवलं २००१मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या 'पॉप आयडॉल'ने. त्याच साच्यातून 'अमेरिकन आयडॉल' आणि २००४मध्ये 'इंडियन आयडॉल' आले. निकाल प्रेक्षकांच्या मतांवर गेला आणि दुसरा क्रमांक अटीतटीचा झाला. २००३मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ४० लाख मतांमध्ये रुबेन स्टडर्डने क्ले एकेनला जेमतेम १ लाख ३४ हजारांनी मागे टाकलं. दोघांची पहिली गाणी एकदमच बाजारात आली, तेव्हा क्लेचं पहिल्या क्रमांकावर गेलं, रुबेनचं दुसऱ्या. मतं देणारे आणि रेकॉर्ड विकत घेणारे हे दोन वेगळे श्रोतृवर्ग असतात, असाच याचा अर्थ मी लावतो.

आपल्याकडे मतांसोबत प्रांतही आला. २००७चं 'इंडियन आयडॉल'चं तिसरं पर्व मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अंतिम लढत होती दार्जिलिंगचा, कोलकाता पोलिसांत असलेला प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल यांच्यात. प्रशांतसाठी डोंगराळ भागात चाहत्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, एसएमएससाठी पैसे जमवले गेले. त्या लाटेतून बिमल गुरुंग यांचं नेतृत्व पुढे आलं आणि त्याच वर्षी वेगळ्या गोरखालँड राज्याची मागणी करणारा गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष स्थापन झाला. तिकडे शिलाँगमध्ये आदिवासी आणि बिगर-आदिवासी समाजांमध्ये जुना तणाव होता. बंगाली घरातल्या अमितसाठी हे दोन्ही समाज एकत्र आले. मेघालय सरकारने त्याला शांतता आणि सलोख्याचा राज्यदूत नेमलं. अमित हरला, पण त्याच्या गावाच्या स्मरणात त्याचं स्थान पक्कं झालं. बाकी देशात मात्र त्याचं नाव फारसं निघत नाही. उपविजेत्याची आठवण अशी भूगोलाने वाटली जाते, ही गोष्ट देशपातळीवरच्या याद्यांमध्ये कधीच दिसत नाही.

पहिल्या पर्वाच्या अमित सानाच्या वाट्याला असा प्रांत आला नाही. विजेत्या अभिजीत सावंतच्या गोष्टीत तो येतो, स्वतंत्रपणे क्वचितच. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण त्या दोघांनी मिळूनच ते पर्व इतकं रंगवलं होतं.

मराठीत एक वेगळंच घडलं. 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चं ते गाजलेलं पर्व २००९मध्ये कार्तिकी गायकवाडने जिंकलं. पण लोकांनी कार्तिकी, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत आणि मुग्धा वैशंपायन यांना 'पंचरत्न' म्हणून एकत्रच लक्षात ठेवलं. दुसरं कोण आलं होतं, हे विचारल्यावर बहुतेकांना आठवावं लागतं. पुढे आर्या चित्रपटाची नायिका झाली, आणि २०२१मध्ये त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात पाचही जण परीक्षक म्हणून एका रांगेत बसले.