साष्टीचे गावनकाशे आणि त्यातले कोरे गावठाण

मुंबईच्या उपनगरांत गावठाणाच्या किंवा कोळीवाड्याच्या हद्दीचा प्रश्न निघाला की पहिल्यांदा जुना गावनकाशा मागवला जातो. त्यात गावठाण म्हणजे एक रेषा आणि आत काहीच नाही, असे दिसते. ‘इथे वस्ती नव्हतीच’ असा अर्थ त्यावरून काढणे साफ चुकीचे आहे.

साष्टी, म्हणजे मुंबई शहराच्या उत्तरेचे, आज उपनगरे असलेले बेट, १७७४ मध्ये मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिली. मुंबई शहराच्या बेटाची मोजणी वेगळी झाली. मोजणी अधिकारी लॉटन याचे शहराचे तपशीलवार नकाशे १८६५ ते १८७२ मधले. साष्टी मात्र ठाणे जिल्ह्यातला ग्रामीण भाग, म्हणून तिथे आली ती महसुली मोजणी. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापुरात बसवलेली हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. शेत मोजायचे, जमिनीची प्रत ठरवायची, सारा लावायचा. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून त्याची फक्त बाहेरची हद्द काढली. घरे, गल्ल्या, मासळी सुकवायच्या जागा, होड्या ओढून ठेवायचा किनारा, यातले काही मोजायचे कारणच मोजणीदाराला नव्हते.

शोध आजच्या सिटी सर्व्हे नंबरापासून सुरू करावा. मालमत्ता पत्रकावरून (प्रॉपर्टी कार्ड) जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा काढावा, मग गावनकाशा, टिपण (मोजणीदाराने शेताची मापे लिहून काढलेला कच्चा आराखडा) आणि फाळणी बारा (सर्व्हे नंबराचे हिस्से पडल्यावर केलेली मोजणीची नोंद) यांच्या नकला मागाव्यात. टिपण प्रमाणात काढलेले नसते. त्यावर लिहिलेले आकडे खरे, चित्र नव्हे. पट्टी लावून मोजले तर हमखास चुकते.

दुसरी चूक साखळीची. या मोजणीत अंतर मोजायची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंच. एका साखळीचा चौरस १०८९ चौरस फूट, तोच गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. इंग्रजी गंटर साखळी ६६ फुटांची असते. ती गृहीत धरली की लांबी दुप्पट आणि क्षेत्र चौपट येते. नकाशावर १ इंचाला २० साखळ्या असे प्रमाण असेल, तर १ इंच म्हणजे ६६० फूट, मैलाला ८ इंच.

नकलेवर साल नसेल तर खुणा पाहाव्यात. माहीमचा कॉजवे १८४५ चा, बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ ची, विहार तलाव १८६० चा. मात्र छपाईच्या जुन्या दगडावर (शिळाछापावर) नंतर दुरुस्ती करून पुन्हा छापलेलेही नकाशे असतात, म्हणून एका खुणेवर विसंबू नये.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना किमान सहा खुणा घ्याव्यात, चारही कोपऱ्यांत पसरलेल्या: विहिरी, देवळे, चर्च, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा. खाडीचा काठ घेऊ नये. खाजणे (भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या खाऱ्या जमिनी) आणि मिठागरे भरली गेली, काठ सरकला. रस्त्याकडेचे क्रूसही जपून घ्यावेत. त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगनंतरचे आहेत आणि रस्तारुंदीत काही हललेही आहेत. झेरॉक्स आडवी-उभी वेगवेगळी ताणली जाते, म्हणून दोन्ही दिशांनी एकेक माहीत अंतर तपासून घ्यावे.

कधी वस्तीच उठून गेलेली असते. अंधेरीतल्या आजच्या सीप्झ या निर्यात औद्योगिक वसाहतीच्या आवारात १५७९ च्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथीमुळे लोक तिथून मरोळला गेले. महसुली मोजणीला तिथे चर्चच्या भिंती मिळाल्या असतील, माणसे नव्हेत. अशा ठिकाणी चर्चच्या बाप्तिस्मा आणि दफन नोंदवह्या नकाशाइतक्याच महत्त्वाच्या.

कोऱ्या गावठाणाच्या आतले हवे असेल तर नंतरच्या सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही, म्हणजे कोणती जागा कोणाकडे याच्या चौकशीची नोंद, मागावी. महसुली नकाशाने वगळलेली घरे त्या नोंदवहीत एकेका धारकाच्या नावाने दिसू लागतात.