डब्यातली उंची आणि गुडघ्यातली चकती

परवा आमच्या नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये उभा होतो. पुढे आमच्याच गल्लीतल्या एक ताई होत्या. त्यांच्या हातात "हेल्थ ड्रिंक"च्या पावडरीचा डबा होता आणि डब्यावर मोजपट्टीला टेकून उभं राहिलेलं हसरं पोर. काउंटरच्या काचेला नाक चिकटवून त्यांचा मुलगा गोळ्यांच्या बरण्या बघत होता. नुकतीच त्याला चार वर्षं पूर्ण झाली. दुकानदार म्हणाला, "तीन महिने द्या, फरक दिसंन." ताई माझ्याकडे वळल्या. "काका, शेजारचा पोट्टा याच्याहून मुंडीभर उंच आहे जी. हे पाजलं तं वाढते का हा?"

आधी त्या तीन महिन्यांचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये मुलांच्या वाढीची मानके प्रसिद्ध केली. त्यांसाठी भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं मोजली होती. पोटभर अन्न, आईचं दूध आणि स्वच्छ घर मिळालं, तर पाच वर्षांपर्यंत या सगळ्या देशांतली मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं त्यात दिसलं. या मानकांप्रमाणे मुलाची मधली उंची तिसऱ्या वर्षी 96.1 सेंटिमीटर आणि चौथ्या वर्षी 103.3 असते. म्हणजे वर्षाला सात सेंटिमीटर आणि तीन महिन्यांत पावणेदोन. डबा प्यायला तरी, भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली तरी निरोगी मूल एवढं वाढतंच. जाहिरातीतला "फरक" बहुतेक वेळा हाच असतो आणि त्याचं श्रेय डबा घेऊन जातो. "हेल्थ ड्रिंक" अशी कुठलीही व्याख्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. म्हणूनच एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं त्या नावाच्या यादीतून काढायला सांगितलं.

मग उंची वाढते कुठे? हा माझा फार आवडीचा विषय आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

कानाचा वरचा भाग दुमडून सोडा. तो परत जागेवर येतो, कारण आत कूर्चा आहे. मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ अशाच कूर्चेची एक पातळ चकती असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. पायाच्या वाढीतला जवळपास दोन तृतीयांश भाग गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या चकतीतून येतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. एका टोकाला पेशी विभागत राहतात आणि चळत उंच होते. दुसऱ्या टोकाच्या पेशी विभागणं थांबवतात आणि पाणी व पोषकद्रव्यं शोषून कित्येक पटींनी फुगतात. उंचीचा मोठा वाटा या फुगण्यातून येतो. फुगलेल्या थरावर मग कॅल्शियम बसतं आणि तिथे हाड तयार होतं. हे रोज चालतं, आणि दिवसाची बेरीज मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी होते.

हे काम सुरू ठेवायचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून निघतो. तिचं वाढ-संप्रेरक यकृताला सांगतं आणि यकृत आयजीएफ-1 नावाचं दुसरं संप्रेरक रक्तात सोडतं. चकतीतल्या पेशी या दोघांचंही ऐकतात. गंभीर कुपोषित मुलाच्या रक्तात वाढ-संप्रेरक कमी नसतं, उलट जास्तच सापडतं. पण यकृत त्याला दाद देत नाही आणि आयजीएफ-1 घसरतं. शरीर उरलीसुरली चरबी जाळून मेंदू आणि हृदय चालू ठेवतं आणि बांधकाम बंद करतं. शिवाय चकतीतल्या प्रत्येक पेशीत एमटॉर नावाची प्रथिनांची एक जोडणी असते. ल्युसिनसारखी अमिनो आम्लं आसपास पुरेशी आहेत का, हे ती तपासते. ती नसतील तर नवी प्रथिनं बांधण्याचं काम पेशीतल्या पेशीतच मंदावतं. यकृताचा निरोप पोचला तरीही.

आता डब्यावरच्या "23 पोषकद्रव्यां"कडे येऊ. बालपोषणतज्ज्ञ मायकेल गोल्डन यांनी पोषकद्रव्यांचे दोन प्रकार मांडले. ही मांडणी आपल्याकडे शाळेत शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या प्रकारात लोह, आयोडीन, कॅल्शियम आणि बहुतेक सगळी जीवनसत्त्वं येतात. ती कमी पडली तर शरीर साठा वापरतं आणि मूल काही काळ वाढत राहतं. मग त्या-त्या कमतरतेची खूण दिसते. लोह कमी झालं तर रक्तक्षय, अ जीवनसत्त्व कमी झालं तर रातांधळेपणा, ड कमी झालं तर मुडदूस. दुसऱ्या प्रकारात प्रथिनं, जस्त, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम. यांची वेगळी कोठी शरीरात नसते. यांतलं एक जरी कमी पडलं तरी वेगळी खूण दिसत नाही. भूक मरते आणि वाढ थांबते.

घराच्या बांधकामावर पहिला प्रकार म्हणजे मिस्त्रीची करणी आणि ओळंबा, दुसरा म्हणजे विटा, रेती, सिमेंट. ओळंबा नसला तरी भिंत काही दिवस वर जाते, वाकडी जाते. सिमेंट संपलं तर विटांचा ढीग पडून राहतो. बहुतेक डब्यांवरची यादी करणी-ओळंब्यांनी भरलेली असते आणि त्याखाली साखर असते. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 16 ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यांतली सहा ग्रॅम एका अंड्यात असतात आणि साधारण तेवढीच 30 ग्रॅम फुटाण्यांत. डब्याची मागची बाजू वाचून एका चमच्याचा हिशेब स्वतः करून बघा.

याची परीक्षा ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत झाली, 1969 ते 1977 या काळात. दोन गावांत अतोले नावाचं प्रथिनयुक्त पेय दिलं, दोन गावांत फ्रेस्को नावाचं गोड सरबत. जीवनसत्त्वं आणि खनिजं दोन्हींत घातली होती. अतोलेच्या गावांतली मुलं तिसऱ्या वर्षी सुमारे अडीच सेंटिमीटर जास्त वाढलेली निघाली. पण तीन वर्षांनंतर हाच पूरक आहार दिला, तर उंचीच्या वेगात फरक दिसला नाही. लहानपणी, पहिल्या दोन वर्षांत, अतोले मिळालेले मुलगे मोठे झाल्यावर त्यांची ताशी कमाई 46 टक्के जास्त भरली. खरी वेळ पहिल्या दोन-तीन वर्षांची आहे. आईचं दूध सुरू असताना वरचं अन्न कसं मिळतं, यावर बरंच ठरतं.

आणि नेमक्या त्या वयात आपण वरणाचं पाणी पाजतो! वरची निवळी लेकराला आणि खालची डाळ आपल्या ताटात. लेकराचं पोट मुठीएवढं, त्यात पाणी भरलं की डाळीला जागा उरत नाही. तेच वरण घोटून, भातात कालवून, वर चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचं बारीक कूट घालून द्या. भातात कमी असलेलं लायसिन डाळीत भरपूर असतं, त्यामुळे वरण-भात एकमेकांची उणीव भरून काढतात.

पूरक औषधं मात्र जिथे लागतात तिथे द्यायलाच हवीत, आणि ती अंगणवाडीत फुकट मिळतात. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर दहा मुलांत जवळपास सात मुलांना रक्तक्षय होता. त्यासाठी लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, एक मिलिलिटर. ते दुधासोबत किंवा चहासोबत दिलं तर लोह नीट शोषलं जात नाही. सोबत आपल्या संत्र्याच्या दोन-चार फोडी दिल्या तर क जीवनसत्त्वामुळे जास्त शोषलं जातं. अ जीवनसत्त्वाचा डोस दर सहा महिन्यांनी, जुलाब लागले तर ओआरएससोबत 14 दिवस झिंक, म्हणजे जस्त. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या आतड्याचा आतला थर झिजतो. मग चांगलं अन्नही अंगी लागत नाही.

ताईंनी त्या दिवशी डबा काउंटरवरच ठेवला आणि सोमवारी मुलाला अंगणवाडीत नेलं. मीही गेलो. मुलाच्या आजी दारातूनच म्हणाल्या, "मोजू नका जी, मोजलं का नजर लागते, वाढ खुंटते." असं मानणारी घरं आजही कमी नाहीत. वाढ नजरेने खुंटत नाही, पण न मोजल्यामुळे खुंटलेली वाढ महिनोन्‌महिने लपून राहते, हे मी आजींना बसून समजावलं. सेविकेने मुलाच्या चपला काढल्या, टाचा आणि पाठ फळीला टेकवल्या, मदतनीस ताईंनी गुडघे हलकेच दाबून धरले आणि वरची पट्टी केसांना दाबत डोक्यापर्यंत आणली. 99 सेंटिमीटर. चार वर्षांच्या मुलासाठी त्याच मानकांतली खालची सीमा 94.9 आहे.

शेजारचा पोट्टाही सोबत आला होता. तोही चार वर्षांचाच. तो 106 भरला. दोघंही तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात. ताईंनी स्वतःची उंची विचारली, तीही सेविकेने मोजली. 149. ताई आकड्याकडे बघत राहिल्या, मग मुलाकडे बघून हसल्या. सेविकेने सगळं मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरलं आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात पुन्हा आणा, आणि जुलाब लागले तर त्याच दिवशी सांगा."