घडीव गोल्फ आयर्नमधील मिश्रपोलादे

गोल्फच्या संचातील धातूच्या, चपट्या डोक्याच्या काठ्यांना आयर्न म्हणतात. डोके साच्यात ओतले तर ते ओतीव आयर्न, तापवून हॅमरखाली घातले तर घडीव. ओतीव म्हटले की सांगली-मिरजेकडच्या फाउंड्रीवाल्यांना बीड, म्हणजे कास्ट आयर्न, आठवेल. पण ही डोकी बिडाची नसतात, बहुधा १७-४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची असतात. घडीव आयर्नचे पोलाद मात्र पिढ्यान्‌पिढ्या जवळपास एकच राहिले. ते खऱ्या अर्थाने बदलू लागले गेल्या दहा-पंधरा वर्षांत.

घडाईची रीत सातारा एमआयडीसीतल्या कोणाही फोर्जिंग कामगाराला ओळखीची वाटेल. जरंडेश्वर स्टेशनासमोर भारत फोर्जचा कारखाना आहे, आणि क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड हे शब्द इथल्या अनेक घरांत रोजच्या बोलण्यातले आहेत. गोल बार कापून बिलेट करायचा, साधारण १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत पिवळा होईतो तापवायचा आणि डायमध्ये ठेवून ठोकायचा. डायच्या कडेने बाहेर आलेली फ्लॅश ट्रिमिंगला कापली जाते, अंगावरचा स्केल, म्हणजे तापल्याने धरलेली खपली, झाडला जातो. गोल्फचे वेगळे काम पुढे सुरू होते. मानेला दांड्यासाठी भोक पाडतात, चेंडूला भिडणाऱ्या बाजूवर, म्हणजे फेसवर, खाचा पाडतात आणि डोके घासून वजन ग्रॅमांत जुळवतात. सात नंबरच्या आयर्नचे डोके सुमारे २७० ग्रॅमचे असते.

जुने पोलाद म्हणजे १०२० किंवा १०२५ क्रमांकाच्या जातीचे, जपानी मानकात एस२०सी आणि एस२५सी. १०२५ मध्ये कार्बन ०.२२ ते ०.२८ टक्के आणि मँगनीज ०.३० ते ०.६० टक्के. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ज्याला सरसकट एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, म्हणतात त्याच्या अगदी जवळचे. ते डायमध्ये सहज भरते, घासायला सोपे असते, पण गंजते, म्हणून त्यावर निकेल-क्रोमचा मुलामा चढवतात. त्याची खरी अडचण ताकदीची आहे. फेस पातळ केला तर चेंडूच्या आघाताने तो कायमचा दबेल, म्हणून फेस जाड ठेवावा लागतो. जाड फेस लवत नाही, आणि न लवणारा फेस चेंडूला वाढीव वेग देत नाही.

यावरचा पहिला उपाय अगदी थोडक्या बोरॉनचा होता, आणि धातुशास्त्राच्या दृष्टीने मला तोच सर्वांत देखणा वाटतो. मिझुनो कंपनीने गेल्या दशकाच्या मध्यात १०२५ पोलादात बोरॉन मिसळून घडीव आयर्न आणले. बोरॉनयुक्त पोलादात हे प्रमाण दर दहा लाख भागांत काही मोजके भाग इतकेच असते. तापलेल्या पोलादात बोरॉनचे अणू कणांच्या सीमांवर जाऊन बसतात आणि थंड होताना तिथे मऊ फेराइट तयार होण्यास अटकाव करतात. त्यामुळे क्वेंचिंगमध्ये, म्हणजे तापलेले पोलाद झटकन थंड करताना, ते अधिक खोलवर कडक होते. बोरॉन नायट्रोजनशी जोडला गेला तर हा परिणाम निघून जातो, म्हणून पोलाद बनवतानाच नायट्रोजनला बांधून ठेवायला थोडे टायटॅनियम घालतात. कार्बन न वाढवता ताकद मिळते, घडाईचा सोपेपणाही टिकतो.

दुसरी वाट क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची. २०२० च्या जेपीएक्स ९२१ फोर्ज्डमध्ये मिझुनोने ४१२० क्रोमोली वापरले. याच घराण्यातले ४१४० म्हणजे आपल्या दुकानदारांकडचे जवळपास ईएन-१९. शाफ्ट आणि जोर सोसणाऱ्या बोल्टांसाठी कुपवाडला किंवा साताऱ्याला ते सहज मागितले जाते. पीएक्सजी या कंपनीने ८६२० निवडले. हे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले, गिअरसाठी केस हार्डनिंग करण्याचे, म्हणजे फक्त पृष्ठभाग कडक करण्याचे, पोलाद. त्याचे पोकळ घडीव शरीर आणि पुढे मॅरेजिंग पोलादाचा वेल्ड केलेला पातळ फेस, अशी ती रचना आहे. मॅरेजिंग पोलादात कार्बन जवळजवळ नसतो. नेहमीच्या जातींत निकेल सुमारे १८ टक्के, सोबत कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडे टायटॅनियम असते. ४८० अंशांच्या आसपास काही तास मुरवले की त्यात सूक्ष्म संयुगे तयार होतात आणि ताकद जवळपास दुप्पट होते. असा फेस दीड-दोन मिलिमीटरचा ठेवला तरी तग धरतो.

जाहिरातींत घडीव आयर्नचा स्पर्श ‘मऊ’ असल्याचे सांगतात आणि त्याचे श्रेय पोलादाला देतात. हे श्रेय जपून द्यावे. एमएस असो, क्रोमोली असो की मॅरेजिंग, त्यांचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, साधारण १८० ते २१० गिगापास्कलच्या पट्ट्यातच असतो. मिश्रधातूने बदलते ती ताकद, ताठपणा नव्हे. शिवाय चेंडू फेसवर टिकतो सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. हाताला काही जाणवेपर्यंत तो निघून गेलेला असतो. उरतात ती कंपने आणि आवाज, आणि ते ठरतात डोक्याचा आकार, फेसची जाडी आणि धातू कुठे किती आहे यावरून. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर हेच करतात: तार तीच ठेवून घोडीचा माथा किंचित घासतात आणि सगळा नाद पालटतो.

पोलादाखेरीज टंगस्टनचाही वापर वाढला आहे. त्याची घनता १९.३, म्हणजे पोलादाच्या जवळपास अडीचपट. फेस पातळ करून वाचलेले वजन टंगस्टनच्या रूपाने डोक्याच्या तळाशी आणि टोकाकडे ठेवले की, चेंडू फेसच्या मध्यावर लागला नाही तरी डोके कमी वळते.

ताकद वाढल्याची किंमत बेंडिंगच्या वेळी मोजावी लागते. खेळाडूच्या उंचीनुसार डोके आणि दांडा यांतला कोन अंश-दोन अंशांनी बदलावा लागतो. १०२५ चे डोके शिकंज्यात धरून मानेला बार लावला की वळते आणि वळलेले राहते. कडक पोलादाची मान स्प्रिंगसारखी परत येते, म्हणून हव्या कोनापेक्षा थोडे पुढे वाकवावे लागते, आणि फार ओढले तर तडा जाण्याचा धोका असतो. म्हणूनच अनेक रचनांत शरीर आणि मान मऊ पोलादाची ठेवतात आणि बलवान मिश्रपोलाद फक्त फेसपुरते वापरतात.