वायू हवा, वाळू नको: हायड्रेटच्या विहिरींतल्या जाळीची गोष्ट

मिथेन हायड्रेट दिसतं बर्फासारखं. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकलेला असतो. एक घनमीटर हायड्रेट फुटलं की सुमारे १६४ घनमीटर वायू आणि ०.८ घनमीटर पाणी सुटतं. आकडा मोहात पाडणारा आहे. अडचण अशी, की जमिनीखालच्या सुट्या वाळूला हेच हायड्रेट सिमेंटसारखं धरून असतं. वायू काढायचा म्हणजे हे सिमेंटच काढून घ्यायचं!

याचा पहिला मोठा दणका २००७ साली कॅनडात बसला. मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळ मलिक इथे जपान आणि कॅनडाने मिळून विहिरीतला दाब उतरवून, म्हणजे हायड्रेट फोडून, वायू काढायला घेतला. वाळू अडवणारी जाळी बसवलेली नव्हती. वायू जेमतेम साडेबारा तास सलग आला, ८३० घनमीटर, आणि वाळूने काम थांबवलं. पुढच्या हिवाळ्यात तिथेच जाळी बसवून प्रयोग झाला. सहा दिवसांत सुमारे १३,००० घनमीटर वायू मिळाला. म्हणजे फरक पडला तो मुख्यतः जाळीने.

तेलवाल्यांकडे उपाय होताच. जाळीभोवती बारीक खडीचा थर भरायचा. खडीचा दाणा वाळूच्या मध्यम आकाराच्या दाण्याच्या पाच-सहा पट असावा, हा तेल-अभियंता सॉसिए यांचा १९७४ चा ठोकताळा आजही वापरात आहे. मार्च २०१३ मध्ये जपानने नानकाई खळग्यात, हजारेक मीटर पाण्याखाली, असाच थर भरून समुद्रातली पहिली चाचणी घेतली. सहा दिवसांत १ लाख १९ हजार घनमीटर वायू आला. दोन आठवड्यांचा बेत होता, पण सहाव्या दिवशी एकाएकी वाळूचा लोंढा आला. २०१७ मध्ये तिथेच फुगणाऱ्या पॉलिमरच्या जाळ्या वापरल्या. पहिल्या विहिरीत पुन्हा वाळू शिरली, दुसरी मात्र २४ दिवस चालली.

मग जाळी आणखी बारीक का करू नये? चहाची गाळणी आठवा. भोकं जितकी बारीक तितकी ती लवकर तुंबते. त्यातून हायड्रेट फुटताना निघणारं पाणी गोडं असतं. त्याने काही प्रकारची चिकणमाती फुगते, तिचे सूक्ष्म कण जाळीवर लेप धरतात. शिवाय फुटताना हायड्रेट आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. गारठा वाढला आणि दाब पुरेसा असला, तर जाळीच्या भोकांत हायड्रेट पुन्हा गोठू शकतं. भोकं अशी बुजली की विहिरीतला दाब कितीही उतरवा, त्याचा परिणाम थरापर्यंत पोचत नाही. वाळू येत नाही, पण वायूही येत नाही.

चीनसमोर हा पेच सर्वांत बिकट होता. दक्षिण चिनी समुद्रातल्या शेनहू भागात वाळू अशी नाहीच, मैद्यासारखा चिकणमातीमिश्रित गाळ आहे. तिथल्या अभियंत्यांनी सगळं अडवण्याचा हट्ट सोडला. जाड कण थांबवायचे, बारीक पाण्याबरोबर वर येऊ द्यायचे, असा विचार त्यांनी पुढे आणला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण तेच. शेनहूतली २०१७ ची चाचणी ६० दिवस चालली. २०२० मध्ये आडव्या विहिरीतून ३० दिवसांत ८ लाख ६१ हजार घनमीटर वायू निघाला.

भारताच्या २००६ च्या मोहिमेत बंगालच्या उपसागरातल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात चिकणमातीच्या भेगांमध्ये हायड्रेट सापडलं, २०१५ च्या मोहिमेत तिथेच वाळूच्या थरांत. भेगाळलेल्या चिकणमातीपेक्षा वाळूतून वायू काढणं सोपं, म्हणून आता भर वाळूवर आहे. जाळीची भोकं किती ठेवायची, हा हिशेब तिथल्या दाण्यांवरून नव्याने मांडावा लागेल.