सी-२९५ (लष्करी मालवाहू विमान)

दोन टर्बोप्रॉप (पंखा फिरवणाऱ्या) एंजिनांचे, मध्यम आकाराचे आणि मुख्यतः सैनिकी वाहतुकीसाठी वापरले जाणारे विमान. स्पेनमधील कासा या कंपनीने ते विकसित केले. त्याचे पहिले उड्डाण २८ नोव्हेंबर १९९७ रोजी झाले. ही कंपनी पुढे एअरबस समूहात सामावली गेल्यामुळे आज ते एअरबसचे विमान म्हणून ओळखले जाते. कासाने इंडोनेशियाच्या सहकार्याने आधी तयार केलेल्या सीएन-२३५ या विमानाचे धड सुमारे ३ मीटरने लांबवून, पंख बळकट करून आणि अधिक शक्तीची एंजिने बसवून ते सिद्ध करण्यात आले. मुंबई परिसराशी त्याचे नाव जोडले गेले ते नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर उतरलेले पहिले विमान म्हणून.

सैनिकी मालवाहतुकीत दोन वेगवेगळी कामे असतात. रणगाड्यासारखे अवजड साहित्य एका खंडातून दुसऱ्या खंडात नेण्यासाठी प्रचंड जेट विमाने लागतात आणि त्यांना सहसा तशाच लांब, पक्क्या धावपट्ट्या लागतात. मोठ्या तळावर पोहोचलेले साहित्य तेथून प्रत्यक्ष तुकडीपर्यंत, म्हणजे डोंगरातल्या, वाळवंटातल्या किंवा बेटावरच्या तोकड्या पट्टीपर्यंत नेणे हे दुसरे काम होय. त्यासाठीच्या विमानाला सामरिक डावपेचांचे, म्हणजेच ‘टॅक्टिकल’ मालवाहू विमान म्हणतात. पहिल्या प्रकाराचे मोल टनांत मोजता येते. दुसऱ्या प्रकाराचे मोल ते किती वाईट जागी उतरू शकते यावर ठरते, आणि सी-२९५ ची सारी रचना याच दृष्टीने पाहावी लागते.

त्याचे पंख धडाच्या माथ्यावर आहेत. त्यामुळे एंजिने व पंखे जमिनीपासून उंच राहतात आणि कच्च्या पट्टीवरील खडी व धूळ त्यांच्यात जाण्याचा धोका कमी होतो. शिवाय धड जमिनीलगत आल्यामुळे आतील फरशी ट्रकच्या हौद्याच्या उंचीजवळ येते. मुख्य चाके पंखांत न ठेवता धडाच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांत बसवली असल्याने त्यांचे पाय आखूड व मजबूत ठेवता आले आहेत. शेपटीखालचा भाग खाली उघडतो व त्याचा उतार बनतो. त्यावरून जीप थेट आत चढवता येते, सामानाचे तक्ते सरकवता येतात आणि उड्डाण चालू असतानाच हवाई छत्र्या लावलेले साहित्य वा सैनिक खाली सोडता येतात. जेटऐवजी पंख्याची एंजिने वापरण्याचे कारणही हेच आहे. कमी वेगात पंखा इंधनाच्या मानाने अधिक ओढ देतो, आणि चाके टेकताच पात्यांचा कोन उलटवला की तोच पंखा विमानाला मागे रेटून थांबवतो. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीडब्ल्यू १२७जी ही प्रत्येकी सुमारे २,६४५ अश्वशक्तीची दोन एंजिने सहा पात्यांचे पंखे फिरवतात. उत्पादकाच्या आकड्यांनुसार उड्डाणासाठी ६७० मीटर आणि उतरून थांबण्यासाठी ३२० मीटर धाव पुरते. हे दुसरे अंतर साधारण पंधरा डब्यांच्या लोकलइतकेच आहे.

विमानाची लांबी सुमारे २४.५ मीटर, पंखांचा विस्तार २५.८ मीटर आणि कमाल उड्डाणवजन २३.२ टन आहे. त्यात नऊ टनांहून थोडा अधिक माल, किंवा ७१ सैनिक, किंवा पन्नासच्या आसपास छत्रीधारी सैनिक मावतात. रुग्णवाहतुकीसाठी २४ स्ट्रेचर बसवता येतात. वेग ताशी सुमारे ४८० किमी. म्हणजे प्रवासी जेटच्या तुलनेत बराच कमी आहे, पण येथे ती उणीव मानण्याचे कारण नाही. सागरी गस्त व शोधकार्यासाठीही याच्या आवृत्त्या आहेत. कॅनडाने ते शोध व बचावासाठी घेतले आहे.

भारतीय हवाई दलात ते १९६० च्या दशकापासून सेवेत असलेल्या ॲव्हरो-७४८ विमानांची जागा घेत आहे. ॲव्हरो मुळात प्रवासी विमान असल्याने त्याला मागे उघडणारा उतार नव्हता, आणि हीच त्याची मोठी मर्यादा होती. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे २१,९३५ कोटी रुपयांचा ५६ विमानांचा करार झाला. त्यांपैकी १६ विमाने स्पेनमधील सेव्हिल येथून तयार स्वरूपात आणि ४० विमाने वडोदऱ्यात टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सकडून बांधून घ्यावयाची असे ठरले. पहिले विमान १३ सप्टेंबर २०२३ रोजी सेव्हिल येथे तत्कालीन हवाई दलप्रमुख, नांदेड जिल्ह्याचे सुपुत्र एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनी स्वीकारले, आणि त्याच महिन्यात दिल्लीजवळच्या हिंडन तळावर ते रीतसर सेवेत दाखल झाले. वडोदऱ्याचा कारखाना २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला. खासगी उद्योगाने संपूर्ण लष्करी विमान भारतात बांधण्याचा हा पहिलाच प्रकल्प आहे, म्हणून त्याचे महत्त्व ५६ या आकड्याहून पुष्कळ मोठे आहे.

टाटा उद्योगसमूहाचे विमानांशी नाते मुंबईतच जुळले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. ती पट्टी इतकी कच्ची होती, की पावसाळ्यात तेथे चिखल साचून विमाने पुण्याला हलवावी लागत. विमान किती चांगले यापेक्षा जमीन किती साथ देते यावर वाहतूक अवलंबून असते, हा धडा मुंबईने इतक्या आधी घेतलेला आहे.

नवी मुंबईत उलव्याची टेकडी कापून व नदीचा प्रवाह वळवून घडवलेली धावपट्टी याच्या अगदी उलट, ३,७०० मीटर लांबीची आहे. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, टर्मिनलचे काम अद्याप चालू असताना हवाई दलाचे सी-२९५ तेथे उतरले. त्या वेळी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे उपस्थित होते, विमानाला पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी देण्यात आली आणि पाठोपाठ सुखोई-३० लढाऊ विमानाने धावपट्टीवरून खालच्या उंचीवर उड्डाण केले. पहिले प्रवासी विमान चाचणीसाठी तेथे २९ डिसेंबर २०२४ रोजी उतरले.