पुरुमेंत

पुरुमेंत : पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी घरात करून ठेवायच्या साठ्याला गोव्यात असलेले नाव. हा साठा ज्या जत्रांत विकत घेतला जातो, त्यांना 'पुरुमेंताचें फेस्त' म्हणतात. शब्द मुख्यतः तिसवाडी, बार्देश व सासष्टीत रुळलेला आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतील मराठी वाचणाऱ्या घरांत 'पावसाची बेगमी' हाच शब्द अधिक ऐकू येतो. तेरेखोल नदी ओलांडून सिंधुदुर्गात गेले, की त्याच कामाला 'आगोटीची खरेदी' म्हणतात.

व्युत्पत्ती : शब्दाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो मराठी 'पुरवणे', 'पुरवठा' यांच्या कुळातला. अर्थ इतका जुळतो, की हे मत सहज पटते. दुसरे मत पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो' (तरतूद, पुरवठा) हे मूळ मानते. ध्वनींच्या बाजूने पाहता दुसरे मत अधिक सबळ दिसते. पोर्तुगीज उच्चारात आघात नसलेला 'ओ' हा 'उ'कडे झुकतो, त्यामुळे गोव्याच्या कानावर पडलेला शब्द 'प्रुव्हिमेंतु' असा काहीसा असणार. आरंभीचे जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालायची आपली जुनी खोड आहे, तिने 'प्रु'चा 'पुरु' झाला आणि 'व्हि' त्यात विरघळला. शेवटचा 'ओ' गळणे हेही नेहमीचेच. गोव्याच्या कोंकणीतील 'साक्रामेंत', 'सिमेंत' हे शब्द याच वाटेने आले आहेत. मराठी 'पुरवणे'वरून '-मेंत' हे शेपूट कसे लागले, याचे उत्तर पहिल्या मतात मिळत नाही. तरी 'पुरणे', 'पुरवणे' ही क्रियापदे आधीपासून ओठांवर होती म्हणूनच परका शब्द इतका घट्ट रुजला असावा, एवढा वाटा पहिल्या मताला द्यायला हरकत नाही.

'बेगमी'ही मूळची आपली नव्हे. फारसी 'बे-गम', म्हणजे चिंता नसणे, त्यावरून ती आली. साठ्याच्या वस्तूंऐवजी साठा केल्यावर मनाला जे वाटते, त्याचे नाव मराठीने साठ्याला दिले. प्रस्तुत नोंदकाराला हा शब्द फार नेमका वाटतो.

काळ : पोर्तुगीज मूळ मान्य केले तर शब्द १५१० पूर्वीचा असू शकत नाही. बार्देश व सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले, तर डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. जुन्या काबिजादीत (पोर्तुगिजांनी आधी घेतलेल्या भागांत) 'पुरुमेंत' व नव्या काबिजादीत (नंतर घेतलेल्या महालांत) 'बेगमी' ही आजची विभागणी या इतिहासाशी जुळते. प्रथा मात्र शब्दाहून जुनी असली पाहिजे. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, सह्याद्रीच्या पायथ्याला त्याहून बराच अधिक, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. शिडाच्या गलबतांना या दिवसांत समुद्र बंद असे. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा बांध चढे. घाटवाटा चिखलाने आणि दरडींनी अडत. अशा मुलखात मे महिन्यात घर भरून न ठेवणारे कुटुंब आषाढ काढू शकले नसते.

साठ्यातील वस्तू मात्र सगळ्या एका काळच्या नाहीत. मीठ, सुकी मासळी, नारळ, कुळीथ, सह्याद्रीच्या उतारावरची कोकमे हा जुना थर. ज्या मिरचीशिवाय आज हा बाजार डोळ्यांपुढे येत नाही, ती अमेरिकेची. ती सोळाव्या शतकाआधीची असणे शक्य नाही. आता खोल (काणकोण) व हरमल येथील मिरच्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सुंगटांच्या (कोळंबीच्या) 'बालशांव' या तिखट-आंबट लोणच्याचा माग काही जण मलायी 'बेलाचान'पर्यंत, म्हणजे खारवलेल्या कोळंबीच्या लगद्यापर्यंत, काढतात. तसे असेल तर गोव्याच्या बरणीत मलाक्काच्या समुद्राचाही वास आहे.

बाजार : म्हापशात मिलाग्रीस सायबिणीचे (मेरी मातेचे) फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी येते, तेव्हाच्या फेरीपासून (जत्रेच्या बाजारापासून) खरेदीला तोंड फुटते. मडगावच्या होली स्पिरिट चर्चपुढील फेरी पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या सणाला, जोडून भरते. पेंटेकॉस्ट ईस्टरवर अवलंबून असल्याने १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान कधीही येतो, आणि गोव्यात मॉन्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. त्यामुळे काही वर्षी सण पावसाच्या पुढे असतो, काही वर्षी मागे. २०२५ मध्ये पेंटेकॉस्ट ८ जूनला होता, तर मॉन्सून मे संपण्याआधीच गोव्यात दाखल झाला. अशा वर्षी फेस्ताच्या तारखेकडे पाहून चालत नाही. जाणत्या बायका आधीच्या शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून मोकळ्या होतात. हिंदू घरांत हिशोब मृग नक्षत्रावर, म्हणजे ७-८ जूनवर असतो. तोही आता तितका भरवशाचा राहिलेला नाही.

साठवणीचे तंत्र : सगळ्या साठवणीचा शत्रू एकच, हवेतली ओल. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळू लागते. गोव्याचा जुलै त्या रेषेच्या वरच असतो. आगरवाडा, नेरूल, आरपोरा येथील मिठागरांच्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलावतात. म्हणून ताजे मीठ पाझरते आणि पाझरलेले पाणी कडू लागते. जुनी माणसे मीठ टोपलीत भरून खाली भांडे ठेवत आणि कडू पाणी निथळू देत. उरलेले मीठ पांढरे, कोरडे आणि चवीला सौम्य. लोणच्याला 'जुने मीठ' मागतात ते याचसाठी. मे अखेरची एक अवकाळी सर मिठागरातले पीक विरघळवून टाकते, हेही मीठ वेळेत घरात आणण्याचे कारण.

सुक्या मासळीलाही हाच नियम. बांगडा चिरून, आतडी काढून, मिठाच्या थरांत दाबून उन्हात कडक वाळवला तरी पावसाळ्यात त्यातले मीठ हवेतून पाणी घेते आणि मासा मऊ पडतो. त्यामुळे तो चुलीच्या वर, धुराच्या ऊबेत टांगलेला असे. गॅस आला, धूर गेला, आणि गालमो-सुंगटे (सुकी बारीक व मोठी कोळंबी) घट्ट झाकणाच्या डब्यांत गेली. डब्यात भरण्याआधी कडक ऊन दिलेले नसेल तर महिन्याभरात बुरशी धरते. बुरशी आलेली मासळी वा मिरची धुऊन-पुसून वापरू नये. बुरशीचे विष धुण्याने जात नाही.

कोकमाची सोले सालीला त्याच फळाच्या रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात घालतात, काळी आणि चिवट होईपर्यंत. चिंचेचे मीठ लावून गोळे करतात. कच्चे आंबे अख्खे, देठाजवळचा चीक काढून, मिठाच्या पाण्यात दगडाने दाबून ठेवतात. बरणीत ओला हात जाऊ द्यायचा नाही, हा नियम घरातल्या लहानालाही ठाऊक असतो. आषाढात भाजी नसते, मासळी नसते, तेव्हा त्यातला एक आंबा, ओली मिरची आणि खोबरे पेजेबरोबर पुरते. यंत्रबोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस बंद असते, त्यामुळे समुद्राकाठच्या घरालाही सुक्याचा आधार लागतो.

घराची तयारी : साठा हे पुरुमेंताचे अर्धे अंग. पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून मातीच्या भिंतींच्या त्या बाजूला माडाच्या चुडतांची विणलेली मल्लां बांधत. वीण अशी, की पाणी पात्यावरून पात्यावर उतरत जमिनीवर जाते, भिंतीला लागत नाही. आज तिथे निळे प्लास्टिक असते; ते पाणी अडवते, पण भिंतीची ओल आत कोंडते. मातीच्या भिंतीला ही ओल परवडत नाही, याकडे लक्ष द्यायला हवे. कौले परतणे, वळचणीची पन्हळ साफ करणे, घरावर झुकलेल्या माडाचे सुके नारळ व चुडते उतरवणे, लाकडे आत घेणे ही कामे रोहिणीतच उरकतात. खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) गावांत बांध आणि मानशीची (भरती-ओहोटीचे पाणी अडवण्या-सोडण्याच्या झडपेची) दारे तपासणे हे गावकीचे काम. बांध फुटला तर खारे पाणी शेतात आणि मग विहिरीत येते.

आपत्ती व प्रतिसाद : जुना साठा लांबच्या, सावकाश येणाऱ्या तुटवड्यासाठी बेतलेला आहे. अलीकडची संकटे एका रात्रीत येतात, आणि चार महिन्यांच्या आगेमागेही येतात. काणकोणात २ ऑक्टोबर २००९ रोजी अचानक पूर आला. तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ च्या सुमारास किनाऱ्याजवळून गेले. झाडे व खांब पडून काही भाग अनेक दिवस अंधारात राहिले. विहीर भरलेली, पण पंप बंद, अशी घरोघरी स्थिती. ज्यांनी रहाट व दोर काढून टाकले नव्हते त्यांना पाणी मिळाले. त्याच वर्षी २३ जुलैला सत्तरी, डिचोली भागांत म्हादई व तिच्या उपनद्यांना मोठा पूर आला आणि दूधसागर घाटात दरड कोसळून रेल्वेगाडी घसरली. साखळी-डिचोलीत वाळवंटीचे पाणी, तर पेडण्यात इब्रामपूर, हणखणे, चांदेल या गावांत तिळारी धरणातून सोडलेले पाणी हा कायमचा घोर.

पाणी अंगणात आले की आधी मेन स्विच व गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, कागदपत्रे आणि औषधे वरच्या फळीवर नेणे, गुरांची दावी सोडणे, हा क्रम गावांत तोंडपाठ असतो. बांधलेले गुरू बुडते, सुटलेले उंचवटा शोधते. पूर ओसरल्यावर विहिरीत क्लोरीन घालून, काही दिवस पाणी उकळूनच प्यावे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये; लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो.

बिळांत पाणी शिरल्यावर साप घरात येतात. मण्याराचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि इतका बारीक असतो, की माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण शोधत बसू नये. आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांनी अपाय होतो. अवयव न हलवता १०८ च्या रुग्णवाहिकेने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपाय. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपण्याची जुनी रीत डासांइतकीच सापांसाठीही उपयोगी आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबांत साठ्याचे माप घटले आहे. चार खंडी भाताची जागा पाच किलोच्या पिशवीने घेतली. कांद्याची एक माळ, सोलांचा डबा आणि सुंगटांची पुडी मात्र पणजीच्या चौथ्या मजल्यावरही मे महिन्यात येते. तिच्या शेजारी आता बॅटरी, मेणबत्त्या, भरलेली पॉवरबँक आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची महिनाभराची पाकिटे ठेवलेली दिसतात.