पीडोफिलिया आणि बाललैंगिक अत्याचार: एक निदान, एक गुन्हा

फोंड्याला मार्केटाजवळ भाजी-पाव खात बसलो होतो. शेजारच्या टेबलावर मोबाइलवर कुठल्याशा जुन्या प्रकरणाची बातमी आणि त्यावरून जुंपलेली. एक म्हणे, "फाशीच हवी रे असल्यांना." दुसरा म्हणे, "तो रोग असतो, इलाज करायचा सोडून फाशी कसली?" पातळ भाजी निवत होती. दोघे वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत होते, पण शब्द मात्र एकच: पीडोफिलिया.

हा शब्द मानसोपचारातला. वयात न आलेल्या मुलांबद्दल दीर्घकाळ टिकणारी लैंगिक ओढ, असं ते निदान. ओढ असलेला प्रत्येक जण मुलाला हात लावतोच असं नाही. उलट, अत्याचार करणाऱ्या अनेकांत हे निदान बसतच नाही. घरचाच कोणी मोठा, हाताशी एकटं सापडलेलं मूल, आणि ते बोलणार नाही याची खात्री, एवढंही पुरतं.

कायदा बघतो ते कृत्य. गोव्यातल्या फातोर्ड्यात मुलांचा आश्रम चालवून त्यांचं लैंगिक शोषण करणारा फ्रेडी पीट्स 1991 मध्ये पकडला गेला, 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा खास कायदा, पॉक्सो, आला 2012 मध्ये. पण राज्यघटनेच्या कलम 20 मुळे जुन्या कृत्याला तेव्हाचीच शिक्षा लागते. पॉक्सोत फाशी आणणारी 2019 ची दुरुस्ती जुन्या कृत्यांना लावता येत नाही. म्हणजे पहिल्या टेबलकऱ्याची मागणी तिथेच अडते.

"रोगी आहे" म्हणूनही सुटका नाही. त्यासाठी भारतीय दंड संहितेच्या कलम 84 प्रमाणे, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच कळू नये इतकं मन बिघडलेलं असावं लागे. दार लावून घेणाऱ्याला, "घरी सांगितलंस तर बघ" म्हणणाऱ्याला ते चांगलंच कळत असतं.

आणि इलाज? समुपदेशन, वर्तनोपचार, काहींना टेस्टोस्टेरॉन घटवणारी औषधं. औषध थांबलं की परिणामही ओसरतो. यालाच 'रासायनिक नपुंसकीकरण' म्हणून शिक्षेत घुसवलं की घोळ पुरा होतो. बलात्काराचे कायदे सुधारण्यासाठी नेमलेल्या वर्मा समितीने 2013 मध्ये बलात्काऱ्यांसाठी ही शिक्षा नाकारली होती. मला ते पटतं.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात 2005 पासून अशी ओढ असलेल्यांसाठी गुप्तता राखून उपचार सुरू आहेत. आपल्याकडे पॉक्सोच्या कलम 19 नुसार गुन्हा कळला तर डॉक्टरलाही पोलिसांना सांगावंच लागतं. नुसती ओढ कबूल करणाऱ्याबाबत तसं नाही, कारण ओढ हा गुन्हा नव्हे. पण हे त्याला सांगणार कोण? तो आधी त्या दोन टेबलकऱ्यांचं ऐकतो आणि गप्प बसतो.